अंगणवाडीलाही हवे हंगामाचे पंचांग

कळमन्याच्या बाजार आवारात पाऊल टाकलेल्या शेतकऱ्याला महिना कोणता चालू आहे हे पाहायला कॅलेंडर लागत नाही. सोयाबीनच्या गाड्यांची रांग दिसली की दसरा-दिवाळी आली. आंबिया बहाराच्या संत्र्याचे ढीग लागले की थंडीची चाहूल लागली. संक्रांत सरली की तूर येते, पाठोपाठ लाल मिरचीचा ठसका येतो. होळीच्या मागेपुढे हरभरा आणि गहू, मृग बहाराची संत्री, आणि मग आंबा. सगळा बाजार म्हणजे एक मोठे पंचांगच आहे. ते वाचायला अक्षरओळख लागत नाही, डोळे आणि नाक पुरते.

हाच शेतकरी आपल्या गावच्या अंगणवाडीत डोकावला तर त्याला काय दिसते? भिंतीवर तक्ता असतो आणि त्यावर पहिलेच अक्षर अननसाचे. नागपूर जिल्ह्यातल्या किती लेकरांनी अननसाचे झाड पाहिले असेल? शेजारी ऋतूंचा तक्ता असतो. पावसाळा म्हणजे छत्री, हिवाळा म्हणजे स्वेटर, उन्हाळा म्हणजे पिवळा सूर्य. पोरं एका सुरात म्हणतात, ताई शाबासकी देते, खिचडी वाटली जाते आणि दिवस संपतो. ज्या लेकराने सकाळीच बापाबरोबर धुऱ्यावर उभे राहून आभाळ पाहिले, त्याला पावसाळा म्हणजे छत्री हे पाठ करावे लागते. आपल्या गावात किती घरी छत्र्या आहेत आणि किती घरी गोणपाटाची खोळ आहे, हे तुम्हाला सांगायला नको.

शेतकरी बंधू-भगिनींनो, आज खताच्या मात्रेवर किंवा बोंडअळीवर लिहायचे नाही. आजचा विषय आपल्या गावातल्या तीन ते सहा वर्षांच्या लेकरांचा आहे. विषय शाळेचा दिसतो, पण त्यात आपले काम अर्धेअधिक आहे. म्हणून शेतीच्या पानावरच तो मांडतो आहे.

तीनच खरीप, तीनच रब्बी

गावोगाव बैठकीला गेलो की अंगणवाडीचा विषय निघतो आणि एक वाक्य हमखास कानावर येते, "तिथं काय शिकवते जी? पोट्टं खिचडी खाते अन् घरी येते." खिचडीला कमी लेखू नका. तीन ते सहा वर्षांच्या बालकाला रोज किती उष्मांक आणि किती प्रथिने मिळावीत, याचे या पूरक आहारात प्रमाण ठरलेले आहे. ज्या घरी दोन्ही माणसे मजुरीला जातात त्या घराला हा आधार मोठा आहे. पण अंगणवाडी तेवढ्यासाठीच नाही. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली तेव्हापासून शालापूर्व शिक्षण हे तिचे एक ठरलेले काम आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात म्हटले आहे की बालकाच्या मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ सहा वर्षांच्या आत होते.

आता हिशेब करून पाहा. तीन ते सहा या वयात लेकराला तीनच खरीप मिळतात आणि तीनच रब्बी. त्यातला सोयाबीन सोंगणीचा महिना गेला, कारण माय शेतात आणि लेकरू बांधावर. मग कापूस वेचणी आली. ती एका महिन्यात आटोपत नाही, दोन-तीन वेचे होतात. मिरची तोडणी वेगळीच. घरी तान्हे असेल तर त्याला सांभाळायला मोठी बहीण ठेवतात, म्हणजे तिचीही शाळा बुडते. असे तिन्ही वर्षे झाले तर त्या लेकराच्या हाती अंगणवाडीचे किती दिवस राहिले? वापसा निघून गेल्यावर पेरणी केली तर काय हाती येते, हे तुमच्याइतके कोणाला कळते! पीक तरी पुढच्या वर्षी पुन्हा पेरता येते. लेकराचे चौथे वर्ष पुन्हा येत नाही.

यावर उपाय दोन. अंगणवाडीतले शिक्षण हंगामाला धरून असावे, म्हणजे लेकराला ते आपले वाटेल आणि घरच्यांनाही त्यात अर्थ दिसेल. आणि हंगामाच्या गर्दीत लेकरू अंगणवाडीत पोचेल याची सोय गावाने करावी.

हे आपल्याच मातीतले आहे

कोणी म्हणेल, ही नवी फॅशन आहे. तसे नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. बालवाडी काढली तरी आदिवासी वस्तीतली मुले तिथवर येईनात. कोणी गुरामागे, कोणी धाकट्या भावंडामागे. तेव्हा या बायांनी मुलांना दोष दिला नाही. त्या स्वतःच पाड्यावर गेल्या आणि तिथल्या अंगणात शाळा भरवली. अंगणवाडी हा शब्द या कामातून पुढे आला. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली, तिला कुरणशाळा म्हणत. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने परवडणारी नव्हती, तेव्हा शंख-शिंपले, बिया, पाने, माती, काड्या यांचीच साधने केली. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली. ताराबाईंचा संसार काही काळ आपल्या अमरावतीत होता, हेही विदर्भाने विसरू नये.

आणखी जवळचे उदाहरण पाहिजे तर वर्धा घ्या. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि हाताच्या कामातून शिक्षण हा विचार देशापुढे आला. पुढे सेवाग्रामच्या नई तालीममध्ये सात वर्षांखालच्या मुलांसाठी पूर्व बुनियादी हा टप्पा जोडला गेला. ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडाही खेळातून आणि परिसरातल्या वस्तूंतून शिकवा हेच सांगतो. म्हणजे अंगणवाडी सेविकेने हंगाम धरून काम केले तर ते नियमाबाहेरचे नाही, नियमातलेच आहे.

पावसाळा : रोहिणी ते पोळा

पहिला उपक्रम उगवणशक्तीचा. घरचे सोयाबीन बियाणे पेरायचे असेल तर शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून किती उगवले ते मोजा, असे आम्ही दरवर्षी सांगतो. शंभरातले सत्तर उगवले तर बियाणे चालते. हीच चाचणी अंगणवाडीत करा. दहा मुलांना प्रत्येकी दहा दाणे द्या. ओल्या फडक्यात प्रत्येकाची वेगळी ओळ मांडा. रोज थोडे पाणी शिंपडा. चार-पाच दिवसांनी प्रत्येकाने आपले उगवलेले दाणे एका बाजूला आणि न उगवलेले दुसऱ्या बाजूला ठेवायचे, मग बोट ठेवून मोजायचे. लेकराला दहापर्यंतची मोजणी आली, कमी-जास्त कळले, वाट पाहणे कळले. आणि दहाही मुलांचे दाणे ताईने एकत्र मोजले की घरमालकाला शंभर दाण्यांचा आकडा मिळाला. फक्त बियाणे घरचे असावे, औषध लावलेले नसावे. त्याबद्दल पुढे सांगतोच.

दुसरा उपक्रम पावसाच्या मापाचा. सरळ बाजूंची, खाली-वर सारख्या घेराची काचेची बरणी उघड्या जागी, झाडापासून दूर ठेवा. रोज सकाळी ठरलेल्या वेळी पाणी किती उंच आले तेवढीच कागदाची पट्टी कापायची, भिंतीवर चिकटवायची आणि बरणी रिकामी करायची. पाऊस नाही पडला तर त्या दिवसाची जागा रिकामी. महिनाभरात भिंतीवर पावसाचा आलेख उभा राहतो आणि कोणती पट्टी लांब, कोणती आखूड हे तीन वर्षांचे पोरही दाखवते. मृगात या पट्ट्यांची बेरीज ७५ ते १०० मिलिमीटर झाली, म्हणजे जवळपास लेकराच्या वितीएवढी, तरच पेरणी करावी अशी कृषी खात्याची शिफारस आहे. एका एकरावर १० मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे ४० हजार लिटर पाणी पडते. अंगणवाडीच्या बरणीवरून गावाने पेरणी ठरवली तर काय बिघडले? दुबार पेरणीचा खर्च तर वाचेल!

तिसरा मातीचा. काळी माती, मुरमाड माती आणि नाल्यातली रेती अशा तीन पाट्या ठेवा. पाणी टाकून लाडू वळायला सांगा. काळ्या मातीचा लाडू वळतो, रेतीचा फुटतो. मुलांची बोटे मजबूत होतात. उद्या पेन्सिल धरायची ती याच बोटांनी. जमिनीचा पोत म्हणजे काय हे आम्ही मोठ्यांना भाषणात सांगतो, लेकरू ते हाताने शिकते.

मग पोळा. आपल्या नागपूर भागात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. भोसल्यांच्या काळापासून तो चालत आल्याचे सांगतात. लाकडाचे नंदी सजवून लेकरे मिरवतात, बोजारा गोळा करतात. राज्यात इतरत्र असा सण फारसा दिसत नाही, आपल्याकडे तो आहे, तर अंगणवाडीने त्याचे आठ दिवस करावेत. पहिले दोन दिवस मातीचे बैल. मग पाय किती, शिंगे किती, एका जोडीत बैल किती, दोन जोड्यांत किती. मग वेसण, कासरा, झूल, घुंगरमाळ, जू यांची ओळख, आणि ती ओळख करून द्यायला गावातला एखादा जुना गाडीवान. ज्या घरी आता ट्रॅक्टर आहे आणि गोठा रिकामा आहे, तिथल्या पोरांना तर हे शब्द दुसरीकडे ऐकायलाच मिळणार नाहीत.

हिवाळा : भुलाबाईपासून संक्रांतीपर्यंत

कोजागिरीच्या आसपास आपल्याकडे भुलाबाई बसते. गाणी झाली की झाकलेली खिरापत ओळखायची. डबा हलवून आवाज ऐकायचा, वास घ्यायचा, मग नाव सांगायचे. कान आणि नाक यांना वळण लावणारा याहून चांगला खेळ कोणत्या पुस्तकात आहे? अंगणवाडीत तो रोज करता येतो. डब्यात एक दिवस शेंगदाणे, एक दिवस मुरमुरे, एक दिवस गूळ. मुले जेवढी नावे सांगतील तेवढे शब्द वाढले.

सोयाबीन सोंगून झाले की कापूस. पहिल्या वेच्यातली चार बोंडे अंगणवाडीत द्या. बोंड उघडून पाहायचे, पाकळ्या मोजायच्या, सरकी वेगळी करायची, रुईची वात वळायची. सरकी वेगळी करताना अंगठा आणि तर्जनी यांची जी चिमूट लागते तीच लिहिताना लागते. मात्र एक लक्षात असू द्या. हा खेळ पंधरा-वीस मिनिटांचा आणि चार बोंडांचा आहे. लेकराला शेतात वेचणीला लावणे हे शिक्षण नव्हे, ती मजुरी होय.

संत्रा तर घरचाच. एक टोपलीभर संत्री आणली की आठवड्याचा अभ्यास झाला. मोठी, मध्यम आणि चुरी असे तीन ढीग करा. कळमन्यात मालाची प्रतवारी होते ती यापेक्षा वेगळी काय असते? सोला, फोडी मोजा. सगळ्यांच्या फोडी सारख्या निघत नाहीत, कोणाच्या जास्त, कोणाच्या कमी, मग पोरांची चर्चा पाहा कशी रंगते. साल चुरगाळून वास घ्यायचा, बिया वेगळ्या करून मोजायच्या, दोन बिया कुंडीत लावायच्या. शेवटी संत्री खायची आणि हात धुवायचे. व्यापारी न घेणारा चुरीचा माल बागेत पडून राहतो. त्यातली एक पाटी अंगणवाडीला दिली तर बागायतदाराचे काही जात नाही.

पुढे मटार आणि तुरीच्या शेंगा सोलणे, हुरड्याचे कणीस चोळणे, गव्हाचे दाणे परातीतल्या मातीत पेरून त्याची रोजची उंची काडीने मोजणे. संक्रांतीला आपल्याकडे लहानग्यांचे बोरन्हाण असते. घरोघरी वेगळे करण्याऐवजी एक दिवस अंगणवाडीत सगळ्यांचे मिळून करा. ज्याच्या घरी कोणी करत नाही त्या लेकराचेही होते.

उन्हाळा : सावलीचा अभ्यास

विदर्भातला उन्हाळा हा खेळ नव्हे. पारा ४५ अंशांच्या वर जातो. म्हणूनच आपल्याकडच्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. या दिवसांत जे काही करायचे ते सकाळी ऊन चढण्याच्या आत करावे आणि सावलीत करावे. पण शिकण्यासारखे तेव्हाही कमी नाही. फाल्गुनात पळस फुलतो. फुले पाण्यात भिजवून केशरी रंग करा आणि बोटांनी चित्रे काढू द्या. सकाळी काठी रोवून तिची सावली खडूने आखा, तासाभराने पुन्हा आखा. सावली सरकली आणि आखूड झाली हे पोरांना दिसते. माठातले पाणी आणि बादलीतले पाणी यांना हात लावून थंड कोणते ते विचारा. पाखरांसाठी परळात पाणी ठेवण्याची पाळी रोज एका लेकराची लावा.

घरोघरी वाळवणे होतात. कुरड्या, पापड, सरगुंडे. एखादी आजी अंगणवाडीत येऊन सरगुंडे वळायला बसली तर पोरेही कणकेचे वेटोळे करतात. वळलेले ओले आणि वाळलेले कडक, हा फरक तोंडी समजावून सांगावा लागत नाही.

बाजार अंगणवाडीत आणा

कळमन्याच्या आसपासच्या वस्त्यांतही हमालांची, माल निवडणाऱ्या आणि झाडलोट करणाऱ्या बायांची लेकरे आहेत. त्यांच्यासाठी शेत दूर असले तरी हंगाम रोज गाड्यांवरून त्यांच्या दारावरून जातो. पण म्हणून लेकरांना सौद्याच्या वेळी बाजारात नेऊ नका. मागे येणारे ट्रक, पोत्यांच्या थप्प्या, मिरचीची धूळ, यांत चार वर्षांच्या पोराचे काम नाही. मिरचीच्या दिवसांत तर माय-बापानेही अंगावरची धूळ झटकून, हात साबणाने धुऊन मगच लेकरू उचलावे.

बाजार अंगणवाडीत आणता येतो. दोन करवंट्या, सुतळी आणि एक काठी यांचा तराजू करा. एका पारड्यात बटाटा, दुसऱ्यात चिंचोके. बटाट्याला किती चिंचोके लागले? कांद्याला किती? एक पोर दुकानदार, दोन गिऱ्हाइके, एक हमाल. पैशांऐवजी गोट्या. या खेळात मोजणी आहे, जड-हलके आहे, बोलणे आहे आणि आपली पाळी येईपर्यंत थांबणेही आहे. ज्याचा बाप हमाल आहे ते पोर या खेळात सगळ्यात पुढे राहील. अननसाच्या तक्त्यापुढे तेच पोर गप्प बसते.

परसबाग : लेकराचा हात पोचेल एवढीच रुंद

सक्षम अंगणवाडी व पोषण अभियानात पोषण वाटिकेवर भर आहे. पुष्कळ ठिकाणी ती फलकापुरती राहते, कारण आखणी मोठ्या माणसाच्या मापाने होते. लेकरांसाठी वाफा दोन फुटांपेक्षा रुंद करू नका, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोचतो आणि वाफ्यात पाय पडत नाही. कुंपण तुराट्यांचे करा. हातपंपाचे वाया जाणारे पाणी नालीने वाफ्यात सोडा. जागाच नसेल तर खताच्या नव्हे, धान्याच्या जुन्या पोत्यांत माती आणि कुजलेले शेणखत भरून लावा.

पावसाळ्यात भेंडी, चवळी, दोडका, कोहळे. दिवाळीनंतर मेथी, पालक, मुळा, टमाटर. कडेला शेवगा, कढीपत्ता आणि एक पपई. लहान मुलांना फार वाट पाहवत नाही, म्हणून सुरुवात मेथी आणि मुळ्याने करा. दोन्ही आठवडाभराच्या आत जमिनीवर येतात, महिना-दीड महिन्यात हाती लागतात. आपण पेरलेली मेथी आपल्याच खिचडीत पडली की भाजीला नाक मुरडणारे पोरही ताट चाटून पुसते. या बागेवर कोणतेही रासायनिक औषध मारू नका. मावा दिसला तर पान तोडून टाका किंवा पाण्याचा फवारा मारा, तेवढे पुरे.

एवढे मात्र टाळा

उत्साहाच्या भरात धोका होऊ नये म्हणून पुढील गोष्टी प्रत्येक सेविकेने आणि पालकाने ध्यानात ठेवाव्यात.

१) पिशवीतले बाजारचे बियाणे लेकरांच्या हाती देऊ नये. त्याला बुरशीनाशक किंवा कीटकनाशक चोळलेले असते. लाल, निळा, हिरवा असा अनैसर्गिक रंग दिसला की समजावे, हे विष आहे.

२) गुंज, एरंडी, धोतरा आणि कुंपणाला लावतात त्या चंद्रज्योतीच्या (मोगली एरंडाच्या) बिया खेळात नकोत. दिसायला छान, पण विषारी. कोणी खाल्ल्याची शंका आली तरी ओकारीची वाट न पाहता दवाखाना गाठावा. बी सोबत न्यावे.

३) हरभरा, वाटाणा, चिंचोका नाकात-कानात घालण्याची मुलांना खोड असते. तीन वर्षांच्या मुलांना मोठ्या वस्तू द्याव्यात, बारीक दाणे ताईच्या नजरेसमोरच.

४) औषधाचे रिकामे डबे, बाटल्या यांची खेळणी किंवा कुंड्या करू नयेत. कितीही धुतले तरी नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. धट्ट्याकट्ट्या माणसाची ती गत, तर लेकराचे काय? फवारणी चालू असलेल्या किंवा नुकतीच झालेल्या शेतात लेकरू नेऊच नये. फवारणी करून आलेल्या बापाने अंघोळ आणि कपडे बदलल्याशिवाय त्याला कडेवर घेऊ नये.

५) मृगात आणि परतीच्या पावसात विजा पडतात. गडगडाट ऐकू आला की मुले आत. झाडाखाली आसरा घेऊ नये.

६) शिवारफेरी काढायची तर उघड्या विहिरीपासून, शेततळ्यापासून दूर. पाच-सहा मुलांमागे एक मोठे माणूस असावे.

सरपंच, सचिव आणि शेतमालकांनी काय करावे

ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला १० टक्के निधी महिला व बालकल्याणासाठी खर्च करायचा असतो. दरवर्षी त्यातून काय घेतले गेले हे ग्रामसभेत विचारा. रंगीत घसरगुंडी घेण्याआधी कुंपण, पाण्याची टाकी, सावलीला एक मांडव आणि परसबागेची अवजारे घ्या. घसरगुंडी उन्हात तापते. मांडव बारा महिने कामी येतो.

सोंगणी आणि वेचणीच्या दिवसांत मजूर बाया सकाळी लवकर निघतात आणि अंगणवाडी उशिरा उघडते, यात लेकरू बांधावर जाते. वेळ बदलणे सेविकेच्या हाती नसते. ग्रामसभेचा ठराव करून पर्यवेक्षिका आणि बालविकास प्रकल्प अधिकारी यांच्याकडे मागणी करा. मिशन शक्ती अंतर्गत २०२२ पासून पाळणा योजनेत अंगणवाडीला पाळणाघर जोडण्याची तरतूद आहे. आपल्या गावात लहान मुले असलेल्या मजूर बाया किती, याची यादी करून त्याची मागणीही करा. यादीशिवाय केलेली मागणी नुसती फिरत राहते.

शेतमालकांनाही एक सुचवावेसे वाटते. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात अशी तरतूद केली होती की कामावर आलेल्या बायांसोबत सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुले असतील तर त्यांतल्या एका बाईने मुले सांभाळायची आणि तिला मजुरी तीच मिळायची. ही युक्ती आपल्या शेतातही चालते. दहा बाया वेचणीला असतील तर एकीने सकाळी सगळ्यांची लेकरे अंगणवाडीत पोचवावी आणि अंगणवाडी सुटल्यावर घरी सांभाळावी. सगळ्या मालकांनी मिळून तिची मजुरी वाटून घ्यावी. बाकीच्या नऊ जणींचे लक्ष बांधाकडे लागून राहणार नाही, कामही उरकेल.

पैसा नसेल तर वस्तू द्या. चार बोंडे, एक पाटी संत्री, मूठभर घरचे सोयाबीन, मुरमाड मातीचे एक घमेले. वस्तूही नसेल तर वेळ द्या. महिन्यातून एक सकाळ आजोबांनी जाऊन दोरी कशी वळतात ते दाखवावे. आणि अंगणवाडी सेविकेवर हे सगळे एकटीने करण्याची वेळ आणू नका. तिच्याकडे वजनकाटे आहेत, लसीकरण आहे, गरोदर मातांच्या नोंदी आहेत आणि मोबाईलवरची माहिती भरणेही आहे.

सुरुवातीला भिंतीवर एक मोठा कागद लावा. बारा महिन्यांचे बारा रकाने. प्रत्येक रकान्यात त्या महिन्यात आपल्या शिवारात काय असते त्याचे चित्र, आणि खाली ते कोण आणून देणार त्या घराचे नाव. येत्या ग्रामसभेत हा कागद भरून घ्या. ज्या रकान्यापुढे नाव नसेल, तिथे तुमचे लिहा.